मानासाठी दिलेलं बोट

आमच्या सत्यभामावहिनीच्या तेरवीला सुलतानपूरच्या विहीणबाई आल्या होत्या. वहिनीची नात कोकिळा त्यांच्या घरी दिलेली. पंगतीला वेळ होता म्हणून बाया ओसरीवर बसल्या होत्या. बोलता बोलता विहीणबाई सहज म्हणाल्या, "लंगडीच होती न बिचारी. जल्माचंच असंन ते."

कोणीतरी मान डोलवत "हाव" म्हणून गेलं.

मी तिथेच खांबाला टेकून बसलो होतो. चारचौघांत मला बोलता येत नाही. शब्द ओठांपर्यंत येतात आणि परत जातात. लिहिणं तर माझं काम नव्हेच. आजवर लग्नाच्या चिठ्ठ्यांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही, आणि हे लिहितानाही हात अडखळतो आहे. पण 'जल्माचंच' हा शब्द डोक्यातून जात नाही. वहिनी जन्माची लंगडी नव्हती. तिला लंगडी केलं, आणि ते आमच्या घरानं आणि गावानं मिळून केलं. हे कुठेतरी नीट लिहून ठेवायला हवं. दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

आमचं गाव पिंपळगाव राजापासून कोस-दीड कोसावर. घरचा भाजीचा मळा. मधला भाऊ इंद्रभान, त्याची ही बायको. मी धाकटा, म्हणून ती मला भाऊजी म्हणायची. ती लग्न होऊन आली तेव्हा नवं महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं. अंगानं सडपातळ, रंगानं सावळी आणि चालायला अशी चपळ की बाजाराच्या दिवशी डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन ती आमच्या बैलगाडीच्या आधी पिंपळगावात पोचायची. आम्ही गाडी सोडेपर्यंत तिनं जागा धरून सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मांडलेल्या असायच्या. गिऱ्हाईक वांगं फार उलटंपालटं करू लागलं की म्हणायची, "घ्या न बाप्पा आता. वांगं पाहू राह्यले का पोरगी?" आजूबाजूचे हसायचे आणि ते गिऱ्हाईक लाजून दोन वांगी जास्तच घ्यायचं.

तिच्या पायाची एक गोष्ट मात्र खरी. उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे थोडा कललेला होता, आणि अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, सुपारीएवढी गाठ होती. तिच्या आईचा पाय तसाच होता. लग्नात मी पाहिला होता. ती आई म्हातारपणापर्यंत धडधाकट चालली. त्या गाठीनं कोणी लंगडं होत नाही.

पण आमच्याकडे पायावर काहीही उठलं की त्याला एकच नाव: कुरूप. काट्याचं घट्टं पडलं तरी कुरूप, हाड वर आलं तरी कुरूप. आणि कुरूपाला औषधही एकच, बिब्बा. सुईला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा आणि त्याचं उकळतं तेल जागेवर टेकवायचं. टाचेच्या भेगांना लोक ते लावतात, काहींना बरंही वाटतं. पण वहिनीची गाठ हाडाची होती, आणि वर कातडी नुसती पातळ.

बिब्बा माझ्या मायनं लावला. माय म्हणजे मंजुळाबाई. गावातल्या निम्म्या बायका तिच्याकडून बिब्बा लावून घ्यायच्या. ती माझी माय होती, तिनं मला वाढवलं, तरी हे लिहिणं मला भाग आहे. पहिल्यांदा चटका दिला तेव्हा वहिनीनं दात आवळून धरले. कातडी जळाली, फोड आला, फोड फुटला. गाठ होती तिथेच राहिली. माय म्हणाली, "चिवट हाय. आनखी एकदा लावा लागंन."

"आत्याबाई, हे वरून जळते अन् आत तसंच राह्यते," वहिनी म्हणाली.

"तुले माह्यापेक्षा जास्त समजते का व? पायाचं दुखनं ते. त्याचा येवढा काय बोभाटा."

पायाचं दुखणं ते. हे वाक्य मी त्या घरात किती वेळा ऐकलं असेल! डोकं दुखलं की सुंठ उगाळायचे, पोट दुखलं की ओवा यायचा. बाईचा पाय दुखला तर ते दुखणंच नसायचं.

आणि पुरुषाचा? आमचे चुलते रंगरावकाका दिवसभर चावडीवर बसत. त्यांच्या टाचेत एकदा बाभळीचा काटा मोडला. अख्खं गाव गोळा झालं. कोणी रुईचा चीक आणला, कोणी गूळ तापवला, शेवटी गाडी जुंपून त्यांना खामगावला नेलं. परत आले तर गादीवर बसून पाय उशीवर, आणि सुना आळीपाळीनं तेल चोळतायत. काट्याला एवढं, आणि वहिनीची गाठ पुन्हा पुन्हा जाळली तेव्हा कोणी चौकशीही केली नाही.

त्याच चावडीचा आणखी एक नेम होता. चावडीसमोरून जाताना सासुरवाशिणीनं पायातली चप्पल काढून हातात घ्यायची. मोठ्या माणसांचा मान. उन्हाळ्यात तिथली माती तव्यासारखी तापायची, पावसाळ्यात गुरांनी तुडवलेला चिखल. ओट्यावर बसलेली माणसं आपले करकर वाजणारे जोडे तिथेच सोडून बोलत असायची. तेव्हा नवं राज्य झालेलं, जिल्हा परिषद नुकतीच आलेली. रंगरावकाका मोठ्यानं सांगायचे, "आता आपलं राज आलं. आता कोनाले दबाचं नाई." आणि त्यांच्यासमोरून बाया चपला काखेत धरून, मान खाली घालून चिखल तुडवत जायच्या. मला ते तेव्हाही खुपायचं. बोललो नाही ते सोडा, माझं बोलणं ऐकणार कोण होतं?

इंद्रभाननं हौसेनं खामगावहून तिला चपला आणल्या. शहरी बायका घालायच्या तशा, पुढून निमुळत्या. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. गावाबाहेर पडलं की ती त्या घालायची. त्यात अंगठा आणखी आत दाबला जायचा, गाठ पट्ट्याला घासायची. मळ्यात दिवसभर पाण्यात उभं राहून बोटांच्या मधे चिखल्या व्हायच्या. आणि अंगठ्यानं दाबल्या गेलेल्या त्या शेजारच्या बोटातच जोडवं होतं. लग्नात चढवलेलं, चांदीचं, रुंद आणि घट्ट. अंगठा एका बाजूनं रेटतोय, जोडवं दुसरीकडून आवळतंय, मधे कातडी ओली आणि फाटलेली. त्या बोटाचं काय होणार ते आज कोणालाही कळेल.

एका श्रावणात ते बोट सुजलं. वहिनीनं फडकं गुंडाळून ठेवलं आणि काम चालू ठेवलं. एक दिवस मेथी काढताना ती वाफ्यातच बसली. उठेना. मी जवळ गेलो तर म्हणाली, "भाऊजी, ह्या पायाले आता मी नको झाली."

फडकं सोडलं. जोडवं सुजलेल्या मांसात रुतून दिसेनासं झालं होतं आणि बोट निळसर पडलं होतं.

इंद्रभान घाबरला. त्यानं तिला आणि मायला घेतलं, मीही गेलो. खामगावला एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाय धुतला, बराच वेळ पाहिला. गाठीवरचे जळालेले डाग पाहून विचारलं, "हे काय केलंय?"

"कुरूप हाय त्याले. बिब्बा लावला," माय म्हणाली.

"आजी, हे कुरूप नाही. कुरूप कातडीत होतं, ते मऊ करून काढता येतं. हे अंगठ्याच्या मुळाचं हाड आहे. सांधा बाहेर सरकला, म्हणून अंगठा आत कलला. कितीही चटके द्या, हाड जळणार नाही. कातडी तेवढी जळेल."

वहिनी एरवी परक्या माणसाशी बोलत नसे. त्या दिवशी तिनं स्वतः विचारलं, "मंग हे जाईन कशानं?"

"जाणार नाही, बाई. मोठ्या शहरात ऑपरेशन करतात, पण तुम्हाला त्याची गरज नाही. वाढू द्यायचं नाही, एवढं करा. पुढून रुंद अशी मऊ चप्पल घाला, बोटं मोकळी राहिली पाहिजेत. अंगठा आणि बोट यांच्यात कापसाची गुंडी ठेवा. चिखलातून आल्यावर पाय धुऊन मधली जागा कोरडी पुसा. संध्याकाळी कोमट पाण्यात पाय ठेवा. आणि अनवाणी हिंडू नका."

"हे तं सारं घरच्या घरी होते," वहिनी म्हणाली. "मंग माहा पाय इतके दिवस जाळला काऊन?"

माय भिंतीकडे पाहत होती.

"पण ते सगळं नंतर," डॉक्टर म्हणाले. "आधी हे जोडवं. बोटाचं रक्त अडलंय. मी आत्ता कापतो."

माय ताडकन उभी राहिली. "कापता? नवरा जित्ता बसला इथी, अन् जोडवं कापता?"

"आजी, बोट जाईल."

"बोट जाईन तं जाईन. माह्या पोराले काई झालं तं तुमी देसान का भरून?"

इंद्रभान कधी मायच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलला नव्हता. तो पायरीवर बसून राहिला. डॉक्टरांनी समजावलं, रागावले, शेवटी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "मग गावच्या सोनाराकडून तरी काढा. पण आज काढा. उद्यावर नेऊ नका."

आम्ही गावात आलो ते सरळ नारायण सोनाराच्या दुकानी. त्यानं पाय पाहून हात मागे घेतला. "मी नाई बाप्पा. आमच्यात सवाष्नीचं जोडवं कापत नाई. ज्या दिवशी कापाचं असते त्या दिवशी मले घरी बलावतात, ते येगळं."

म्हणजे नवरा मेल्यावर. जिवंत बाईच्या पायातून जोडवं काढायला आधी तिचा नवरा मरावा लागत होता. एवढा साधा हिशेब त्या गावात कोणाला उलटा वाटत नव्हता.

बातमी चावडीवर गेली. रंगरावकाकांनी इंद्रभानला बोलावून घेतलं. मी मागे उभा होतो.

"काऊन बे, बायकोचं जोडवं काढाले निंगाला म्हनते?"

"बोट सडू राह्यलं, काका."

"अरे, श्रावन हाय. श्रावनात असं काई कराचं नसते. पोळा होऊ दे, मंग ब्राह्मनाले इचारू, देवीची ओटी भरू, मंग काढू. तोवर कडूनिंबाचा पाला बांध. पायाचं दुखनं ते, मरत नाई कोनी."

असं म्हणून त्यांनी जोड्यातली धूळ झटकली आणि तंबाखूची चंची काढली. विषय संपला. एका बाईचं बोट पोळ्यापर्यंत थांबेल की नाही, हे त्या ओट्यावर पानसुपारीच्या बोलण्यात ठरलं, आणि जिचं बोट होतं ती घरात खाटेवर तापानं फणफणत होती.

कडूनिंबाचा पाला बांधला. पोळा बराच लांब होता. बोट निळ्याचं काळं झालं, लाली घोट्यापर्यंत चढली. शेजारच्या बाया पाहायला यायच्या, हळहळायच्या, आणि जाताना सांगून जायच्या, "पन जोडवं काढू नको हो, बाई."

एका सकाळी वहिनीनं इंद्रभानला हाक मारली. माय अंगणात दळण पाखडत होती, मी बैलांना पाणी दाखवत होतो. वहिनीचा आवाज बाहेर ऐकू आला.

"अहो, तुमी जित्ते हा न?"

"हाव. असं काऊन म्हनतं?"

"मंग दुसऱ्यायले काऊन इचारता? जोडवं तुमच्या नावाचं हाय. तुमीच कापा. अन् तुमाले भेव वाटत असंन तं पक्कड मले द्या."

इंद्रभान बाहेर आला. कुंपणाची तार कापायची पक्कड ओसरीच्या आढ्याला लटकत होती, ती त्यानं काढली. माय आडवी झाली. "इंद्रभान, माह्या गळ्याची आन हाय तुले!"

त्यानं तिला बाजूला केलं. हातानं धरून, हळूच, पण बाजूला केलं. मी आयुष्यात त्याला तसं करताना तेवढंच एकदा पाहिलं. माय पदरात तोंड लपवून अंगणात बसून राहिली. आत वहिनीनं उशी दातांत धरली. दोन जागी कापावं लागलं. जोडवं निघालं तेव्हा त्याच्याबरोबर कातडीही आली.

मी गाडी जुंपली. डॉक्टरांनी पाय उघडून पाहिला. मग इंद्रभानला बाहेर बोलावून म्हणाले, "पाय वाचेल. बोट नाही. त्या दिवशी कापू दिलं असतं तर दोन्ही वाचले असते."

बोट काढलं. बोटाचा आधार गेल्यावर अंगठा आणखी कलला, आणि तेव्हापासून वहिनी उजवा पाय किंचित ओढत चालायची. हीच ती विहीणबाईंची जन्माची लंगडी.

आम्ही घरी आलो तर त्या जोडव्याचे दोन तुकडे मायनं धुऊन, हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवले होते. बोट कुठे टाकलं ते कोणालाच माहीत नाही. जोडवं मात्र देवाजवळ बसलं. मला आजही त्याची चीड येते.

पुढचं मी आनंदानं लिहितो. जखम भरल्यावर इंद्रभान पिंपळगावच्या मोच्याला घरी घेऊन आला. मोच्यानं जमिनीवर कोळशानं वहिनीच्या पायाची रेघ ओढली आणि म्हणाला, "बाईमानसाची चप्पल येवढी फताडी? लोकं मले हासतीन."

"तू घालनार हायस का?" वहिनी म्हणाली. "मले घालाची हाय. फताडीच कर. अन् चामडं मऊ घे, माह्यासारखं."

"तुमी अन् मऊ!" मोची म्हणाला, आणि दोघंही हसले. ती आजारी पडल्यानंतर घरात ऐकू आलेलं ते पहिलं हसू.

चप्पल झाली. बाजाराच्या दिवशी वहिनीनं टोपली डोक्यावर घेतली. मी मागून गाडी हाकत होतो. चावडी आली. ओट्यावर रंगरावकाका आणि त्यांची मंडळी होती. वहिनी थांबली नाही, वाकली नाही. पदर डोक्यावर, टोपली डोक्यावर आणि चपला पायात.

"सत्यभामे!" काका गरजले. "पायातलं हातात घे! मान हाय का नाई मोठ्या मानसाचा?"

वहिनी थांबली. टोपली सावरली. आवाज न चढवता म्हणाली, "मामाजी, मानासाठी एक बोट देल्लं. बाकीची नऊ मले चालाले पाह्यजे."

आणि ती पुढे गेली. ओट्यावर कोणीतरी खाकरलं, कोणीतरी हसलं, ते काकांच्या बाजूनं हसलं असं मला वाटलं नाही. काका घरी येऊन मायवर ओरडून गेले. हळूहळू दोन-चार बाया चपला घालूनच चावडीवरून जाऊ लागल्या. नेम मोडला असं कोणी म्हटलं नाही. तो आपला मोडत गेला. वहिनीचं नाव मात्र त्यात कोणी घेतलं नाही. तिला लोक लंगडी म्हणू लागले.

ज्याच्या जिवासाठी हे सगळं झालं, तो इंद्रभान त्यानंतर कधी साध्या तापानंही अंथरुणाला खिळला नाही. वहिनी गेली, आणि तो अजून मळ्यात जातो. जोडवं कापलं तर नवरा मरतो म्हणणारी सगळी माणसं त्याच्या आधी गेली.

तेरवीच्या दिवशी तो ओसरीच्या टोकाला पाटावर बसला होता. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून त्याच्यासमोर काहीही बोललं तरी चालतं असं लोकांना वाटतं. 'जल्माचंच' म्हणून झाल्यावर विहीणबाई थांबल्या नाहीत. ओसरीच्या कडेला पाय खाली सोडून बसलेल्या कोकिळाच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अन् हिचंबी पाहा न. आजीसारखंच कुरूप आलं अंगठ्यापाशी. बिब्बा लावाचं म्हनते मी केव्हाची, तं ऐकत नाई."

मी कोकिळाच्या पायाकडे पाहिलं. तोच कललेला अंगठा, तीच गाठ. पायात पुढून निमुळती, टाचेची चप्पल आणि दुसऱ्या बोटात घट्ट जोडवं. बोलायचं होतं. तोंड उघडलंही.

पण इंद्रभान आधी बोलला. "विहीनबाई, जल्माची लंगडी नव्हती ते. तिचं बोट आमी खाल्लं. मायनं, गावानं, अन् मी पायरीवर बसून राह्यलो, मी बी."

विहीणबाई गडबडल्या. "बाप्पा! तसं नाई म्हनत मी. पायाचं दुखनं ते, म्हनून म्हटलं..."

इंद्रभान उठला. भिंत धरत आत गेला. देव्हाऱ्यात काहीतरी चाचपल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यानं मूठ उघडली आणि काळपट पडलेले चांदीचे दोन तुकडे विहीणबाईंच्या समोर जमिनीवर ठेवले.

"हे राह्यलं," तो म्हणाला. "बोट नाई राह्यलं. आता सांगा, पोरीले बिब्बा लावता का डॉक्टरकडे नेता?"

कोकिळानं आधी चप्पल काढली. मग खाली वाकून, सगळ्यांसमोर, ती बोटातलं जोडवं फिरवून सैल करू लागली.